सव्वा महिन्यानंतर

"पहिल्या खेपेला पाय सुजले होते का हो? बीपी वाढलं होतं?"

हा प्रश्न ऐकला की समोरची बाई गोंधळते. ती आलेली असते चाळिशी-पन्नाशीतल्या तपासणीला. दम लागतो, रात्री झोप येत नाही, डोकं जड होतं, अशी काहीतरी तक्रार सांगत असते. मुलं कॉलेजात गेलेली, एखादीच्या कडेवर नातू. आणि टेबलापलीकडची सिस्टर पंचवीस वर्षांपूर्वीच्या सुजेची चौकशी करते. "अहो, ते तेव्हाचं झालं," असं म्हणून बाई हसते. सिस्टर हसत नाही. बीपीच्या मशीनचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता ती पुढचं विचारते, "झटका आला होता का? बाळ दिवस भरून झालं, की आधी? वजन किती होतं?"

भाईंदर पूर्वेच्या ज्या आरोग्य केंद्रात हे चालतं, तिथे ती एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविका आहे. वस्तीतली पोरंटोरं आणि त्यांच्या आज्या, सगळे तिला सिस्टरच म्हणतात. मीरा-भाईंदरची नगर परिषद २००२ मध्ये महानगरपालिका झाली. सिस्टर त्याच्याही आधीपासून या भागात फिरते आहे. तेव्हा वस्ती संपली की मिठागरं सुरू व्हायची. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती, २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. त्या वाढीतली किती तरी बाळं आधी सिस्टरच्या नोंदवहीत आली आणि मग शहरात.

तिच्या कामात ४२ या आकड्याला फार मान आहे. गरोदर बाईची नोंद बारा आठवड्यांच्या आत करायची, चार वेळा तरी तपासणी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, बाळंतपण दवाखान्यात. मग आशाताई घरी जातात: तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेची मातामृत्यूची व्याख्यासुद्धा बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांपाशी थांबते. तो दिवस गेला की रकाना भरतो आणि पान उलटतं.

घरातला हिशोबही वेगळा नाही. सव्वा महिना बाळंतिणीला शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. सव्वा महिना झाला की ती उंबऱ्याबाहेर पडते, आणि त्या दिवसापासून घराला ती पूर्वीसारखीच कामाला हवी असते. सरकारी कागद आणि आजीचा रिवाज, दोघंही साधारण एकाच आठवड्यात बाईवरची नजर काढून घेतात. बाळाच्या लसीच्या तारखा तेवढ्या पुढे चालू राहतात.

सिस्टरनेही अशी शेकडो पानं उलटली. त्यातलं एक पान तिला परत उघडावं लागलं.

२००१ ची गोष्ट. भाईंदर पूर्वेत स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात काम करणारी एकवीस वर्षांची मुलगी तिच्याकडे नोंदवलेली होती. पहिलटकरीण. सातवा महिना संपता संपता तिच्या पायात चपला शिरेनात, बोटातली अंगठी निघेना. "पोटुशीला सूज येतेच," असं चाळीतल्या बायका म्हणत होत्या, आणि थोडीफार सूज येतेही. सिस्टरने बीपी घेतलं तर १६०/११०. लघवीत प्रथिनं. त्याच दुपारी टॅक्सी करून मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे निघाले, आणि दहिसर चेकनाक्याच्या गर्दीत मुलीला झटका आला. सिस्टरने तिला कुशीवर वळवून धरलं, तोंडातला फेस पदराने पुसला. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली, सिझर केलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. दोघी वाचल्या. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांचा समावेश असलेल्या 'मॅगपाय' चाचणीने दाखवून दिलं की या औषधाने असे झटके येण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो.

बेचाळिसाव्या दिवशी सिस्टर घरी गेली. बीपी १३०/८४. बाळाने अंग धरलं होतं. शेवटचा रकाना भरून ती त्या मुलीला म्हणाली, "सुटलीस बघ. आता विसरून जा सगळं."

तिला शिकवलं होतं ते तसंच. हा आजार गरोदरपणाचा. वार पडली की आजारही गेला.

२०१९ मध्ये तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी-शुगरची पाहणी सुरू होती, तेव्हा सिस्टर आशाताईंबरोबर त्याच चाळीत गेली. दार उघडलं त्या बाईला तिने लगेच ओळखलं. वय ३९. फळीवर गोळ्यांची पाकिटं मांडलेली होती: रक्त पातळ करणारी, कोलेस्टेरॉलची, बीपीची. "ॲन्जिओप्लास्टी झाली, सिस्टर. दोन महिने झाले." छातीत कळ अशी आलीच नव्हती. जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळत होतं, जिना चढताना धाप लागत होती, घाम फुटत होता. जवळच्या एका दवाखान्यात ॲसिडिटीची गोळी मिळाली. ईसीजी निघाला तिसऱ्या दिवशी. हृदयविकारात बहुतेक वेळा बाईच्याही छातीत दुखतं. पण त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी ही असली दुखणी पुढे येतात, आणि घरचे, दारचे आणि ती स्वतःही त्याला गॅस म्हणून मोकळे होतात.

"मधल्या अठरा वर्षांत बीपी कधी तपासलं होतंस?" सिस्टरने विचारलं.

"कशाला तपासणार? तुम्हीच म्हणाला होतात ना, विसरून जा."

त्या दिवशी आशाताईंच्या हातात पाहणीचा जो सीबॅक फॉर्म होता, त्यात धोक्याचे गुण मोजायला सहा प्रश्न आहेत. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, आणि आईवडील-भावंडांत कोणाला बीपी, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का. बाईच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की गुण वाढतात. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, हा प्रश्न त्या सहांत नाही. समोर बसलेल्या बाईला याच कारणाने टॅक्सीत झटका आला होता, तेव्हा तिचं डोकं जिच्या मांडीवर होतं ती सिस्टर शेजारीच उभी होती, आणि ते लिहायला कागदावर जागा नव्हती.

वैद्यकशास्त्राला हे तोवर कळलेलं होतं. २००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात जवळपास ३५ लाख बायकांची माहिती होती आणि त्यांतल्या सुमारे दोन लाख जणींना गरोदरपणात हा आजार, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया, झालेला होता. या बायकांत पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचं प्रमाण इतरांच्या ३.७ पट निघालं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार दुपटीहून थोडा जास्त, आणि पक्षाघात १.८ पट. हे सगळं उतारवयातलंही नव्हे. बाळंतपणानंतर सरासरी दहा ते चौदा वर्षांतलं. २०११ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत गरोदरपणातलं बीपी आणि गरोदरपणातला मधुमेह धरला. २०२१ मध्ये त्याच संस्थेने आणखी कारणं नेमकेपणाने मांडली: दिवस भरण्याआधी झालेलं बाळंतपण, पोटात वाढ खुंटलेलं बाळ, वार आधीच सुटणं.

हे असं का होतं, ते सिस्टर बायकांना तिच्या पद्धतीने सांगते. "पोटात बाळ असताना अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. तेवढं सगळं हृदयाला ढकलायचं असतं. तुझ्या नळ्या कशा आहेत, ते तेव्हा कळतं." वैद्यकाची भाषा थोडी लांबची आहे, पण गोष्ट तीच. वार गर्भाशयात रुजते तेव्हा तिथल्या नागमोडी धमन्या रुंद आणि सैल व्हायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या तर वारेला रक्त कमी पडतं. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते, आणि ती आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतात. बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, मेंदूवर ताण आला की झटके येतात. वार पडल्यावर ही प्रथिनं ओसरतात. अस्तराची झीज मात्र सगळ्याच जणींत पूर्ण भरून येत नाही. शिवाय काही जणींच्या रक्तवाहिन्या मुळातच कमजोर असतात आणि गरोदरपणात ते फक्त उघडं पडतं. मूळची कमजोरी किती आणि आजाराने केलेली इजा किती, यावर संशोधक अजून वाद घालतात. बाईने काय करायचं, याबद्दल मात्र त्यांच्यात वाद नाही: दर वर्षी बीपी मोजायचं, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासत राहायचं, आणि डॉक्टर कोणताही असो, त्याला बाळंतपणाची हकिकत सांगायची.

सिस्टर हे सांगताना एक गोष्ट जपते. दुप्पट धोका म्हटलं की तरुण बाईच्या पोटात गोळा येतो. पंचविशीतल्या मुलीचा हृदयविकाराचा मूळ धोकाच इतका लहान असतो की त्याची दुप्पटही लहानच. प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या बहुतेक जणींना काही पंचविशी-तिशीत हृदयविकाराचा झटका येत नाही. पण वय थांबत नाही. कंबर वाढते, पाळी जाते, वडिलांकडून आलेलं असतं तेही डोकं वर काढतं. त्यात आपल्याकडे हृदयविकार येतोच लवकर. २००७ मध्ये नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ देशांतल्या रुग्णांच्या माहितीवरून दाखवलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो; इतर देशांत तेच वय जवळपास ५९ आहे.

मधुमेहाची गोष्ट याहून गुपचूप चालते, कारण त्यात झटका नाही, सूज नाही, टॅक्सी नाही. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजायचं, दोन तासांनी रक्त घ्यायचं, साखर १४० किंवा त्याहून जास्त भरली तर गरोदरपणातला मधुमेह. भात कमी, चालणं जास्त, लागलं तर औषध किंवा इन्सुलिन. बाळ झालं की साखर बहुतेक जणींची खाली येते. सहा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायची, असं आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. सहा आठवडे म्हणजे पुन्हा तेच ४२ दिवस. त्या दिवशी अंगावर पिणाऱ्या बाळाला घेऊन दोन तास दवाखान्यात बसायला किती जणी येतील? गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांना पुढे मधुमेह जडण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दहा पट असते, हे २०२० मध्ये वीस अभ्यासांच्या बेरजेतून दिसलं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका त्यांच्यात साधारण दुप्पट, आणि तो पुढे मधुमेह न जडलेल्यांतही वाढलेलाच असतो.

मीरा रोडची एक तिशीतली बाई सिस्टरला आठवते. अंधेरीला ऑफिस, सकाळची लोकल, दोन वर्षांचा मुलगा. थकवा जात नाही म्हणून आली. साखर २६०. "प्रेग्नन्सीत शुगर होती ना?" "हो, पण ती फाईल साताऱ्याला, आईकडे आहे." पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत प्रेमळ आहे, बाईला त्या दिवसांत आई लागतेच. पण सातव्या महिन्यापर्यंतचे कागद मीरा रोडला, बाळंतपणाचे कागद साताऱ्याला, आणि सव्वा महिन्यानंतर बाई परत मीरा रोडला. साताऱ्याच्या नर्सच्या दृष्टीने ती सासरी गेली, मीरा रोडच्या नर्सच्या दृष्टीने ती अजून माहेरीच आहे. सहा आठवड्यांची ती तपासणी दोन्ही गावांत कोणीच केली नाही.

नोंदवही नुसती जपून ठेवली तर काय होतं, याचा दाखला हृदयविकाराच्याच इतिहासात आहे. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेने आपल्या हाताखालच्या सेविकांना प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन लिहून ठेवायला लावलं. त्या वह्या जपल्या गेल्या. कित्येक दशकांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या उघडल्या आणि त्या बाळांचं पुढे काय झालं ते शोधलं. १९८९ मध्ये त्यांनी मांडलं की जन्मताना आणि वर्षाचे असताना वजनाने कमी असलेल्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांची आणि त्यांच्या बाळांची वर्षानुवर्षं अशीच माग ठेवून तपासणी केली, आणि वजनाने लहान पण अंगात चरबी जास्त असलेलं भारतीय बाळ जगापुढे आणलं. बाळाच्या वजनाचा रकाना इतकं सांगून गेला. सिस्टरच्या नोंदवहीत त्याच पानावर, त्याच्या वरच्या ओळीत, आईचं बीपीही लिहिलेलं असतं.

२०१९ च्या त्या भेटीनंतर सिस्टरने दोनशे पानी वही घेतली. सरकारी नव्हे, स्वतःच्या पैशाची. तिच्यात चारच रकाने: गरोदरपणात काय झालं, बाळ कधी आणि किती वजनाचं, शेवटचं बीपी आणि साखर, पुढची तारीख. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला जी गरोदर मातांची खास तपासणी होते, तिच्यात कार्डावर रंगीत स्टिकर लावतात. धोका नसेल तर हिरवं, अतिजोखमीला लाल, गरोदरपणातल्या बीपीला निळं, मधुमेहासारख्या आजाराला पिवळं. निळं-पिवळं स्टिकर असलेल्या बाईला सिस्टर आता सांगते, "हे कार्ड बाळाचं म्हणून लसी संपल्यावर टाकून देऊ नकोस. हे तुझं आहे. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव, नवऱ्याच्याही ठेव." बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढू शकतं, म्हणून पहिल्या आठवड्यातलं बीपी ती चुकू देत नाही. ऑक्सफर्डमध्ये अशा बायकांनी बाळंतपणानंतर घरीच बीपी मोजलं आणि डॉक्टरांनी त्यानुसार गोळ्या जुळवल्या. नऊ महिन्यांनी त्यांचा खालचा आकडा इतरांपेक्षा जवळपास सहाने कमी होता. हा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. म्हणजे बेचाळिसाव्या दिवसाच्या अलीकडचे आणि पलीकडचे काही आठवडे फार कामाचे आहेत.

सगळं सांगून होतं असंही नाही. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांना आहार-व्यायामाचा आखीव सल्ला देणारा मोठा अभ्यास भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात झाला. २०२२ मध्ये निकाल आला, आणि साखर बिघडण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. सिस्टरला त्याचं नवल वाटणार नाही. पहाटे पाचला उठून तीन डबे करणारी बाई अर्धा तास चालायला कुठून आणणार? उत्तन-पालीकडच्या एका कोळीणबाईला तिने मीठ कमी करायला सांगितलं होतं. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरे. "मीठ नाय टाकलं तर खावाचं कसं, बाय?" असं ती म्हणाली, आणि दारापुढे खारवलेली मुशी वाळत होती. मग सिस्टरने पथ्याची यादी बाजूला ठेवली. उन्हात नुसते वाळवलेले बोंबील चालतील, खारवलेलं आठवड्यातून एकदाच, लोणचं-पापड दोन्ही एकदम नको, आणि बीपीची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. एवढं तिने मानलं. वहीत पुढच्या तारखांसमोर तिचं बीपी तीनदा नीट आलेलं दिसतं.

२०२४ च्या पावसाळ्यात केंद्राच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक ती, ॲन्जिओप्लास्टी झालेली, आता ४४ वर्षांची. दुसरी तिची तेवीस वर्षांची मुलगी, दहिसर चेकनाक्यावरच्या त्या दुपारची. मुलीला तिसरा महिना लागला होता.

सिस्टरने नोंद करताना आईची सगळी हकिकत कार्डावर लिहिली. आईला प्री-एक्लॅम्प्सिया झाला असेल तर मुलीलाही तो होण्याची शक्यता वाढते, आणि पहिलटकरणीत तो एरवीही जास्त दिसतो. कार्ड वाचून डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून रात्री घ्यायची कमी मात्रेची ॲस्पिरिन लिहून दिली. धोका जास्त असलेल्यांना ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर वेळेआधी येणारा प्री-एक्लॅम्प्सिया बराच टळतो, हे २०१७ च्या एका मोठ्या चाचणीने दाखवलेलं आहे. मुलगी गोळीकडे बघत राहिली. "ही तर आईचीच गोळी."

सदतिसाव्या आठवड्यात मुलीचं बीपी १४२/९२ झालं. लघवी स्वच्छ होती. डॉक्टरांनी वाट न बघता कळा आणवल्या. मुलगा झाला, दोन किलो सहाशे ग्रॅम. मुलगी पाचव्या दिवशी घरी आली, तेव्हा तिच्या आईने बीपीचं मशीन आधीच आणून ठेवलं होतं.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंबरोबर सिस्टरही गेली. बाळाचं वजन झालं, आशाताईंनी शेवटचा रकाना भरला आणि फाईल पिशवीत ठेवली. सिस्टरने पिशवीतून स्वतःची वही काढली. "अजून राहिलंय?" मुलीने विचारलं. तिच्या आईने उत्तर दिलं नाही. मशीनचा पट्टा आधी स्वतःच्या दंडाला बांधला, बटण दाबलं, आकडा वाचला, आणि मग पट्टा सोडवून मुलीपुढे धरला. सिस्टरने दोघींचे आकडे एकाखाली एक लिहिले: १२८/८०, १२४/७८. शेवटच्या रकान्यात मुलीसाठी साडेचार महिन्यांनंतरची तारीख टाकली, आणि आईला विचारलं की तुझ्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कुठाय.